नूरखालाचे कान

"जवळ ये, पोरी. माझ्या कानाशी वाच."

नूरखालाचा हा आवाज द्वारकीनं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ती दहा वर्षांची होती. उस्मानाबादेकडून चिखलीला येऊन त्यांच्या बिऱ्हाडाला महिनासुद्धा झाला नव्हता. बारा खोल्यांच्या पत्र्याच्या चाळीत नूरखाला आपल्या उंबऱ्यात बसली होती. मांडीवर कंपनीच्या जाड हातमोज्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर एक निळं अंतर्देशीय पत्र. तिच्या लेकीचं, सलिमाचं. बार्शीच्या सासरहून आलेलं.

द्वारकीला वाटलं, बाई बहिरी दिसते! शिलाईचं मशीन चालवून चालवून कान गेले असणार बिचारीचे!

म्हणून ती जवळ गेलीच नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहिली, छाती फुगवली आणि शाळेत प्रार्थना म्हणतात तशा खणखणीत आवाजात तिनं ते पत्र वाचलं. नळावरच्या बायका हंडे खाली ठेवून ऐकू लागल्या. पत्रात शेवटी सलिमानं स्वतः रचलेली ओवी होती. द्वारकीनं तीही वाचली, अगदी हातवारे करून!

भात माझा गरगट, सासू दावी शेजारणी,
माझं रडू जात्यापाशी, जातं ठेवी त्याच्या मनी.

सगळं अंगण खो खो हसलं. नूरखालानं पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं. तीही हसतेय असंच द्वारकीला वाटलं.

त्या दिवसापासून द्वारकी चाळीची 'वाचणारी' झाली. पत्र वाचावं आणि मूठभर शेंगा घ्याव्यात! महिनाभर चाळीतली पोरं 'भात माझा गरगट' म्हणत लंगडी खेळली. तो खेळही द्वारकीनंच काढला होता.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता मे महिन्याची सुट्टी लागली होती, आणि वजीरमियाँच्या सायकलच्या दुकानामागं तीन डोकी एकत्र आली होती.

"आज बुधवार!" युसुफ म्हणाला. तो वजीरमियाँचा मुलगा. तेरा वर्षांचा. पुस्तकातल्या अक्षरांपेक्षा चाकाच्या तारा त्याला चांगल्या जुळवता यायच्या. "आज खाला निघणार बघ."

"कशावरनं?" सयाजीनं विचारलं. तो चिखलीतल्या जुन्या घरातला, गोठ्यात चार म्हशी असलेला. तिघांत लहान आणि सगळ्यांत भुकेला.

"गेले चार बुधवार जातेय. डोक्यावर ऊन, पायात वहाण, काखेत पिशवी. आणि संध्याकाळी येते ती गुणगुणत!"

"आन् पत्रं बी यायची बंद झाल्यात तिची," सयाजी म्हणाला.

हे मात्र खरं होतं. चाळीचं सगळं टपाल उद्धवरावांच्या किराणा दुकानात यायचं. पोस्टमन उन्हाचा चाळीपर्यंत येत नसे. दुकानातल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तो गठ्ठा टाकायचा आणि पुढं जायचा. मग उद्धवराव चष्मा लावून एकेक पोस्टकार्ड मोठ्यानं वाचायचे. "काय हो मारुतराव, तुमच्या मेव्हण्याला मूळव्याध झालीय म्हणे!" अंतर्देशीय पत्र असलं की उन्हासमोर धरून बघायचे. कुणी कुरकुर केली, तर हसून म्हणायचे, "अहो, आपल्यात काय लपवायचंय? चोऱ्या का केल्यात कुणी?"

माणूस वाईट नव्हता. उधारीला नाही म्हणत नसे. पण त्या डब्यातली प्रत्येक बातमी त्याच्या जिभेवरून गेल्याशिवाय घरी पोचत नसे.

आणि गेल्या आठवड्यात त्यांनी पोरांना बोलावून चक्क पैज लावली होती. "नूरबीला पत्र का येत नाही? आणि ती जाते कुठं? शोधून काढा गुप्तहेरांनो! लिमलेटच्या गोळ्यांची ही अख्खी बरणी तुमची!"

अख्खी बरणी! सयाजीला तेव्हापासून झोप नव्हती.

"निघाली!" युसुफ कुजबुजला.

"कुजबुजतोस कशाला?" द्वारकी हसली. "ती बहिरी आहे. बँड लावून गेलो तरी कळायचं नाही तिला!"

दोन सायकली निघाल्या. एकीवर युसुफ, दुसरीवर द्वारकी, आणि तिच्या मागं कॅरिअरवर सयाजी. पुढं नूरखाला, ताडताड चालणारी. मोशी फाट्यावर तिनं एसटी पकडली, आणि मग काय विचारता! बसच्या धुरळ्यात तिघांनी पायडल असे मारले की सयाजीची टोपी दोनदा उडाली.

"अगं हळू, द्वारके! खड्डं हायेत!"

"हायेत तर घट्ट धर!"

"काय धरू? तू धरायसारखं ठेवलंयस काय सायकलीला?"

युसुफ तर मुद्दाम घंटी वाजवत होता. ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! बस थांबे तेव्हा त्यांना गाठता यायचं, आणि खिडकीत नूरखालाचा हिरवा पदर दिसायचा. एकदाही तो पदर मागं वळला नाही.

"बघितलंस?" द्वारकी म्हणाली. "ठार बहिरी!"

आळंदीला पोचेपर्यंत तिघांचे चेहरे मातीचे झाले होते. नूरखाला इंद्रायणीच्या घाटावर उतरली. सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून एक मुलगा बसला होता. सोळा-सतरा वर्षांचा, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, शेजारी गवसणीत घातलेला पखवाज. आळंदीत राहून कीर्तन शिकणाऱ्या मुलांपैकी एक.

"आलात, मावशी?" तो म्हणाला. "कालच आलंय."

आणि त्यानं पिशवीतून काढलं निळं अंतर्देशीय पत्र!

तिघं बुरुजासारख्या एका दगडी कठड्यामागं लपले. हातभर अंतरावर. युसुफनं द्वारकीला कोपरानं ढोसलं. "म्हणजे पत्रं येतात! या चिमाजीच्या पत्त्यावर येतात!" त्या मुलाचं नाव चिमाजी, हे पत्रावर मोठ्या अक्षरात होतं. 'चिमाजी यांस मिळून नूरबी यांस देणे.'

"जवळ ये, बेटा," नूरखाला म्हणाली. "माझ्या कानाशी वाच."

आता ओरडेल बघ, असं द्वारकीच्या मनात आलं.

पण चिमाजी ओरडला नाही. तो सरकून जवळ बसला, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि वाचू लागला. इतकं हलकं, की वाऱ्याची झुळूक आली तर शब्द पुसून जावा. आणि नूरखाला ऐकत होती! मध्येच "हं" म्हणत होती, मध्येच "पुन्हा वाच ते" म्हणत होती.

द्वारकी कठड्याला धरून बघत राहिली.

हिचे कान चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले आहेत.

वारा त्यांच्याच बाजूला होता. शब्द येत राहिले.

"'अम्मा, आता पत्र चाळीत जात नाही, म्हणून मी पुन्हा मनातलं लिहायला लागले. मागं माझी ओवी चाळीतल्या कुणीतरी बार्शीच्या बाजारात सासूबाईंना म्हणून दाखवली होती. त्या रागावल्या नाहीत. पण तेव्हापासून काही बोलल्या की विचारायच्या, हेपण लिहिशील ना आईला? मग मी काय लिहू? म्हणून दीड वर्ष फक्त खुशाल आहे, खुशाल आहे, एवढंच लिहीत होते. मी काही चोरी केली नव्हती, अम्मा. पण माझं रडू माझं होतं.'"

युसुफ मातीत बोटानं रेघा ओढू लागला. लंगडी खेळताना 'गरगट' या शब्दावर सर्वांत उंच उडी तोच मारायचा.

"'आणखी एक. घरात फक्त यांना ठाऊक आहे, आणि आता तुला. अम्मा, तू नानी होणार! पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला सांगू नकोस.'"

नूरखालानं दोन्ही तळहात तोंडावर धरले. चिमाजी वाचायचा थांबला. नदीकडे बघत बसला, तिला तिचं रडू रडू देत.

तेवढ्यात सयाजीला शिंक आली! त्यानं दोन्ही हातांनी नाक दाबलं, गाल फुगवले, डोळे वटारले, तरी 'फिच्!' झालंच.

तिघं आणखी खाली वाकले. पण नूरखालाची मान हलली नाही. पलीकडे कुणीतरी धुणं आपटत होतं. त्यात विरलं असावं.

परतताना घंटी वाजली नाही. मोशीच्या चढावर तिघं उतरून सायकली ढकलत चालले.

"आपुन वाईट का काय करत व्हतो?" सयाजीनं विचारलं. "नुसतं ऐकलं. तिनं काय खून केलाय? चांगलीच बातमी हाय की!"

"म्हणूनच," द्वारकी म्हणाली.

"म्हंजे?"

तिला नीट सांगता येईना. "सयाजी, तू अजून रात्री आईच्या कुशीत झोपतोस, होय ना?"

सयाजी लाललाल झाला. "तुला कुनी सांगितलं?"

"तुझ्या आईनंच. त्यात काय खून आहे का?"

सयाजी एका दगडाला लाथ मारत बराच वेळ चालला. मग म्हणाला, "युसुफदेखत कशाला काढायचं पन?"

"हेच," द्वारकी म्हणाली. आणि लगेच तिला त्याच्याकडेही बघवेना.

दुकानाच्या फळीवर उद्धवराव वाटच बघत होते. "काय रे गुप्तहेर मंडळी! लागला का छडा?" त्यांनी बरणी पुढं सरकवली. आत हिरव्या, पिवळ्या, नारिंगी गोळ्या उन्हात चमकत होत्या.

सयाजीनं तोंड उघडलं. द्वारकीनं त्याचा हात दाबला. सयाजीनं बरणीकडे बघितलं, द्वारकीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. असं शौर्य त्यानं जन्मात केलं नव्हतं!

"ते तिलाच विचारा, काका," द्वारकी म्हणाली.

"अरे! हरलात म्हणा की!"

"हरलो," युसुफ म्हणाला.

त्या संध्याकाळी दुकानामागं पुन्हा तीन डोकी एकत्र आली. सलिमाची पत्रं परक्या गावात का जावीत? खालानं लेकीच्या चार ओळींसाठी उन्हातून आळंदी का गाठावी? तो बिस्किटांचा डबा बंद झाला पाहिजे! पण उद्धवरावांना समजवायचं कसं? मोठी माणसं तर त्यांच्याबरोबर हसत होती.

"एक गंमत सांगू?" युसुफ म्हणाला. "रोज पहाटे ते अब्बांकडून सायकल नेतात. पुतण्याला शिकवतो म्हणतात. पण पुतण्या तर नगरला असतो!"

"मला ठावं हाय!" सयाजी उडालाच. "म्हशी घिऊन जातो तवा बघतो की! माळावर सोताच शिकत्यात! धपाधप पडत्यात!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सयाजी मामाकडे महाळुंग्याला जाणारच होता. जाताना खिशात एक कोरं पोस्टकार्ड घेऊन गेला.

पुढच्या गुरुवारी सकाळी दुकानात ही गर्दी! कामगारांना आठवड्याची सुट्टी, बायकांना बाजार. पोस्टमननं गठ्ठा डब्यात टाकला. उद्धवरावांनी चष्मा पुसला.

"वा! द्वारकीला पत्र! महाळुंग्याहून, सयाजी! ऐका मंडळी, ऐका! 'प्रिय द्वारकीस. मी मजेत आहे. मामाकडं आंबे भरपूर आहेत. एक गुपित लिहितो, कुणाला सांगू नको.' ओहो, गुपित! 'आपले उद्धवराव रोज पहाटे माळावर सायकल शिकतात. परवा ते...'"

आवाज थांबला.

"परवा काय?" मारुतराव पुढं सरकले. "वाचा की राव!"

"भाऊ, अडलं का अक्षर? द्या इकडं, मी वाचतो!"

"आपल्यात काय लपवायचंय, उद्धवराव?" कुणीतरी मागून ओरडलं, आणि सगळं दुकान हसलं. "चोऱ्या का केल्यात?"

ठरलं होतं ते असं, की आता द्वारकीनं पत्र घ्यायचं आणि पुढचं सगळं मोठ्यानं वाचायचं. चाळीच्या वाचणारीनं, खणखणीत आवाजात! ती पुढं झाली. युसुफ गालात हसत उभा होता.

पण तिनं उद्धवरावांचं तोंड बघितलं. माणूस हसायचा प्रयत्न करत होता आणि हसू येत नव्हतं. मान लाल झाली होती. त्यांनी उपरण्याचं टोक तोंडाला लावलं आणि खाली बघितलं.

असंच. अगदी असंच नूरखालानं केलं होतं. पदर तोंडाला लावला होता आणि खाली बघितलं होतं. ती हसत नव्हती!

द्वारकीनं हात पुढं केला. तिनं ते कार्ड घेतलं, दुमडलं आणि झग्याच्या खिशात घातलं.

"हे माझ्या नावाचं आहे," ती म्हणाली. "उरलेलं मी घरी वाचीन. कुणी विचारू नका."

"ए पोरी, सांग की!"

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की मारुतराव मागं सरकले.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर ती परत गेली आणि कार्ड उद्धवरावांपुढं ठेवलं. "मुद्दाम लिहिलं होतं आम्ही, काका. तुम्ही वाचणार म्हणूनच. चुकलं आमचं."

उद्धवरावांनी बराच वेळ कार्डाला हात लावला नाही. मग हळूच उलटं केलं. पुढं सयाजीच्या गिचमिड अक्षरात होतं, 'परवा ते चार वेळा पडले आणि पाचव्यांदा पुन्हा बसले. मला ते फार आवडले.'

उद्धवरावांनी चष्मा काढला. "यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं की गं," ते म्हणाले.

"नव्हतंच, काका."

ते उठले. मग फळीवरून बिस्किटांचा डबा उतरवला, रिकामा केला आणि तिच्या हातात दिला. "वजीरमियाँना म्हणावं, याला वर फट पाडून खाली कुलूप बसवता येईल का."

आठवडाभर वजीरमियाँच्या दुकानात ठाकठूक चालली. एक बिस्किटांचा डबा आणि अकरा तेलाचे. प्रत्येकाला वर फट, खाली कुलूप. बारा दारांवर बारा पेट्या! किल्ली ज्याची त्याच्याकडे. पोस्टमन थोडा कुरकुरला. पण उद्धवरावांनी त्याला रोज पेलाभर ताक कबूल केलं आणि तोही चाळीपर्यंत यायला तयार झाला.

चाळीचे मालक धोंडीबा पाटील काठी टेकत आले. "कुनाच्या डोस्क्यातून निघालं ह्ये?"

"या तिघांच्या!" उद्धवराव म्हणाले. "आणि या पोरीनं मला चारचौघांत वाचवलं. बरणी यांचीच!"

"शाब्बास रं वाघांनो! ही द्वारकी म्हंजे आपल्या चाळीची शान हाय, शान!"

द्वारकीची आई सुभद्राबाई पदरानं डोळे टिपत होती. सयाजीच्या दोन्ही गालांत गोळ्या होत्या. द्वारकीच्याही तोंडात एक होती. नारिंगी. ती विरघळेचना. समोर आपल्या उंबऱ्यात उभी राहून नूरखालाही टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या द्वारकीला कानशिलात बसल्यासारख्या वाटत होत्या.

सात दिवसांनी नूरखालाच्या पेटीत पहिलं पत्र पडलं. निळं. द्वारकीनं ते दुरून बघितलं आणि ती घरात शिरली. पण हाक आलीच.

"द्वारके! ये गं. तूच वाच आता. आळंदीला जाऊन पाय दुखतात माझे."

मशीन थांबलेलं होतं. हातमोज्यांचा ढीग बाजूला सारून नूरखालानं जागा केली. पत्र द्वारकीच्या हातात दिलं आणि डोक्यावरचा पदर कानामागं सारला.

"जवळ ये, पोरी. माझ्या कानाशी वाच."

दोन वर्षांपूर्वीचेच शब्द. तोच आवाज. द्वारकी जवळ बसली. पत्र फोडायला तिचा हात उठेना.

"काय झालं?"

"खाला, मी नाही वाचणार," द्वारकी म्हणाली. तिचा आवाज चिमाजीच्या आवाजाइतका बारीक झाला होता. "आधी एक ऐक. त्या बुधवारी आळंदीला आम्ही तुझ्या मागं आलो होतो. बरणीसाठी. कठड्यामागं लपून मी सगळं ऐकलं. सलिमाताईचं रडू ऐकलं. बाळाचंही. ते माझं नव्हतं, तरी ऐकलं. आणि ती ओवी... ती ओवी अंगणात मीच ओरडून वाचली होती, लंगडीही मीच काढली होती. सगळे मला शाब्बास म्हणाले तेव्हा मी गप्प बसले. मला वाटायचं, खाला, तुला ऐकू येत नाही!"

नूरखालानं तिच्याकडे बघितलं. मग पत्राची कड दाताखाली धरून स्वतःच अलगद फोडली आणि पत्र पुन्हा द्वारकीच्या मांडीवर ठेवलं.

"मोशीपासनं सायकलची घंटी ऐकत होते मी," ती म्हणाली. "वजीरच्या दुकानातली. आणि घाटावर सयाजी शिंकला, तेव्हाच समजलं तिघं आहात. दुसऱ्या दिवसापासनं वाट बघितली, नळावर कोण काय बोलतंय. कुणीच काही बोललं नाही. मग म्हटलं, आता बघू, पोरगी माझ्याशी कधी बोलतेय."

तिनं द्वारकीचं डोकं जवळ ओढून घेतलं.

"दोन वर्षं सांगायचं राहिलं, पोरी, तेव्हाच सांगायला हवं होतं. माझे कान चांगले आहेत. ते फक्त माझ्यासाठीच वाचायचं होतं."